टाक, शाई, रंग आणि चित्रकथा : सांगली-साताऱ्याहून सतत येणारे प्रश्न

सांगलीत रविवारी दुपारी चार-सहा जण चित्रकथा काढायला शिकायला माझ्या टेबलाभोवती बसतात, उन्हाळ्यात साताऱ्यात आठवडाभराचं शिबिर होतं. उरलेलं वर्षभर फोनवर प्रश्न येतात, बहुतेक वेळा डाग पडलेल्या पानाच्या फोटोसकट. तेच तेच विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. खाली ‘तुकडा’ हा शब्द वारंवार येईल. ज्या कागदावर चित्र काढताय त्याच कागदाची कापलेली पट्टी, असा त्याचा अर्थ. ती हाताशी ठेवा आणि मग पुढचं वाचा.

१. अगदी सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागेल?

एचबी शिसपेन्सिल, मऊ खोडरबर, पट्टी, टाकाचा एक दांडा आणि दोन-तीन निबा, २ किंवा ३ नंबरचा गोल ब्रश, काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली, पांढरा पोस्टर कलर आणि जुन्या सुती कापडाचं फडकं. घरात कुणी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर यातलं निम्मं कपाटात सापडेल.

रंग नंतर. पहिली पाच-सहा पानं नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काढा. नाहीतर कच्चं चित्र झाकायला रंग वापरायची सवय लागते. शिबिरात पहिले तीन दिवस मी रंगपेटी उघडू देत नाही, त्यावरून आईवडिलांचे फोनही येतात. आणि शाईची बाटली स्टीलच्या पेल्यात उभी करा. लवंडायची ती लवंडेलच, पण पेल्यात लवंडेल.

२. दुकानात कार्ट्रिज, आयव्हरी, कार्डशीट, हँडमेड अशी नावं सांगतात. नेमका कोणता कागद घ्यायचा?

नावापेक्षा वजन आणि पृष्ठभाग बघा. वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो. शाईकामाला मी १८०च्या खाली जात नाही, आणि वरून पाण्याचे रंग द्यायचे असतील तर ३०० जीएसएम.

टाकाला कागद गुळगुळीत लागतो. खडबडीत कागदाच्या तंतूंत निबेचं टोक अडकतं, सुटताना झटका बसतो आणि शाईचे शिंतोडे नायकाच्या तोंडावर. ब्रशला मात्र थोडा दाणा असलेला बरा, अर्धवट कोरड्या ब्रशची रेघ त्यावर सुरेख फुटते. कार्ट्रिज सरावाला उत्तम. आयव्हरीवर निब सुळकन पळते, पण पाण्याचा हात फिरला की कागद लगेच पोक काढतो. चकचकीत लेप असलेल्या कार्डावर शाई सुकायला वेळ लावते आणि बोटाने सरकते. हँडमेड दिसायला देखणा, पण त्याचा भरवसा नसतो. कागद करताना त्यात खळ घालतात. ती कमी पडली की कागद टीपकागदासारखा वागतो आणि प्रत्येक रेघेला मिशा फुटतात.

म्हणून मोठा गठ्ठा घेण्याआधी एकच शीट आणा. तुकड्यावर एक जाड, एक बारीक रेघ ओढा, सुकल्यावर वरून खोडरबर घासा, मग पाणी फिरवा. रेघेला मिशा नाहीत, कागदाचे तंतू सुटले नाहीत आणि काळं पसरलं नाही, तर कागद पास.

३. ‘वॉटरप्रूफ’ शाई म्हणजे काय? फाउंटन पेनची रोजची शाई का नको?

रोजच्या पेनच्या शाईत बहुधा पाण्यात विरघळलेला रंग असतो. सुकल्यावरही ती पाण्याला भुलते. वर रंगाचा ब्रश फिरला की काळं पसरून सगळं चित्र मळकट होतं. उन्हाने ती फिकीही पडते.

ड्रॉइंग इंकमध्ये काजळी असते, म्हणजे कार्बनचे बारीक कण, आणि ते कागदाला धरून ठेवणारा बंध. जुन्या पद्धतीच्या वॉटरप्रूफ शाईत हा बंध लाखेचा असतो. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांकडे कधी गेला असाल तर सतार-तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश चढवताना पाहिलं असेल. त्याच जातीची लाख. पॉलिशवाले ती स्पिरिटमध्ये विरघळवतात, शाईत ती टाकणखारासारख्या क्षाराच्या मदतीने पाण्यात उतरवलेली असते. एकदा सुकली की साध्या पाण्याला दाद देत नाही. हल्ली काही शायांमध्ये लाखेऐवजी ॲक्रिलिक असतं, परिणाम साधारण तोच.

बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तुकड्यावर रेघ ओढून अर्ध्या तासाने ओला ब्रश फिरवून बघा.

४. वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरली. आता पेन चालत नाही. काय करू?

महिन्यातून एकदा तरी येणारा प्रश्न. लाख आतल्या बारीक नळीत सुकून बसली आहे. साध्या पाण्याने ती का निघत नाही ते प्रश्न ३ मध्ये आहे. लाख क्षाराला विरघळते, म्हणून पेन खोलून थोडा अमोनिया घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी धुवा. दोन-तीनदा करावं लागेल. खिडकी उघडी ठेवा, वास नाकात जातो. आतली शाई ॲक्रिलिकची असेल तर आशा कमी. आजोबांचा पेन असेल तर स्वतः काही करू नका, पेन दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

५. टाक, ब्रश की तयार काळं पेन?

तयार पिगमेंट पेन (०.१, ०.३, ०.५ अशा जाडीची मिळतात) सोपं, पण त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. खिडक्या, विजेचे खांब, एसटीच्या बसच्या कडा यांना ते ठीक. माणसाला नाही. टाकाची निब दाबली की तिचे दोन पाय फाकतात आणि रेघ जाड होते, हात हलका केला की बारीक. गालाखाली जाड, नाकावर बारीक, एवढ्याने चेहऱ्यावर उजेड पडतो. ब्रश यात सगळ्यात बोलका आणि सगळ्यात हट्टी. शिकायला वर्ष जातं.

माझ्या पानावर माणसं टाकाने, केस-झाडं-कपड्यांच्या चुण्या ब्रशने, इमारती पेनाने असतात. तुम्ही तसंच करायला हवं असं नाही. पण ब्रश विकत घेतलाय म्हणून चौकटींच्या सरळ रेघाही ब्रशने मारणारे भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, पट्टी वापरा.

ब्रश शाईत अर्ध्या केसांपर्यंतच बुडवा. पत्र्याच्या नळीत लाख शिरली की केस फाकतात ते कायमचे.

६. नवीन निबेवर शाई टिकतच नाही, थेंब होऊन गळते.

गंजू नये म्हणून नव्या निबेवर तेलाचा हात असतो. थोडी टूथपेस्ट लावून बोटाने चोळा, धुवा, पुसा. जुने लोक निब जिभेवर फिरवायचे. मी शिफारस करत नाही, पण लागू पडतं. काम चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने निब पुसा. निब वापरून संपण्याची वस्तू आहे. खरखर आवाज करायला लागली की टाकून द्या.

७. खोडरबर घासला की काळी रेघही करडी होते. पेन्सिल पुसूच नको का?

शाई पूर्ण सुकलेली नसते, किंवा पेन्सिल इतकी दाबून काढलेली असते की शाई कागदावर न बसता ग्रॅफाइटवर बसते आणि त्याच्याबरोबर निघून येते. हलक्या हाताने काढा आणि शाईनंतर निदान दोन तास थांबा (पावसाळ्यात किती, ते प्रश्न १२ मध्ये).

दुसरा उपाय, कच्चं चित्र फिक्या निळ्या पेन्सिलने काढायचं. छापखान्यात पानाचा फोटो ज्या जुन्या लिथो फिल्मवर घेत, तिला फिका निळा पांढऱ्यासारखाच दिसायचा, म्हणून निळी रेघ पुसायची गरजच नसे. आज स्कॅनर निळं पकडतो, तरी ते काढता येतं. कसं, ते प्रश्न १६ मध्ये.

८. पान केवढं काढायचं? छापील आकाराचंच काढलं तर?

छापायचं त्यापेक्षा मोठं काढा. लहान करताना हाताचा थरकाप, रेघेतल्या फटी आकसतात आणि काम नेटकं दिसतं. सोपा हिशोब: ए४ (२१० × २९७ मिमी) छापायचं तर ए३वर (२९७ × ४२० मिमी) काढा. प्रमाण १.४१ पट पडतं.

पण तेवढ्याच पटीने रेघही आकसते. मूळ ०.७ मिमीची रेघ छापल्यावर ०.५ राहते. ०.१ची ०.०७ मिमी होते, आणि साध्या कागदावर अशी रेघ मधेमधे गायब होते. दाट आडव्या-उभ्या रेघांची जाळी असेल तर उलटं: रेघांमधल्या पांढऱ्या फटी बुजतात आणि काळा ठिपका उरतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ७१ टक्क्यांवर एक प्रत काढून बघा. त्याहून स्वस्त परीक्षा नाही.

पानाच्या कडेपर्यंत चित्र न्यायचं असेल तर छापील मापाच्या बाहेर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त काढा, नाहीतर कटिंगवाल्याच्या सुरीला तुमचं चित्र लागेल.

९. फुग्यात (पात्राचं बोलणं लिहितात तो) मराठी अक्षरं मावत नाहीत. शेवटी कोंबावी लागतात.

हा प्रश्न इतर कशाहीपेक्षा जास्त येतो आणि चूक अक्षरांची नसते, क्रमाची असते. चित्र काढून झालं, फुगा काढून झाला, मग अक्षरं शिरवायला निघालो की हेच होणार. अक्षरं आधी, फुगा नंतर. पेन्सिलने चौकट आखली की सगळ्यात आधी वाक्यं लिहून टाका, त्यांच्याभोवती फुगा ओढा आणि उरलेल्या जागेत माणसं उभी करा. माणसं आकसतात, शब्द आकसत नाहीत.

देवनागरीला उंचीही जास्त लागते. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतला ‘तू’ आणि खालच्या ओळीतला ‘कीर्ती’ एकमेकांच्या अंगावर येतात. माझं माप असं: ए३ पानावर अक्षराचा गाभा ५ मिमी, एका शिरोरेघेपासून पुढच्या शिरोरेघेपर्यंत ११ मिमी. निळ्या पेन्सिलने शिरोरेघा आधी आखून घ्या, अक्षरं त्यांना लटकवा, शाईची शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर मारा.

कट निब (टोक तिरकं कापलेली) वापरणार असाल तर दुकानात मिळणारी बहुतेक इंग्रजी वळणाची असते. देवनागरीची जाडी उलट्या तिरकसावर पडते, म्हणून बोरूचा (काडीच्या लेखणीचा) काप उलटा घेतात. इंग्रजी निबेने काढलेलं ‘अ’ ओळखता येतं, पण ते पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं दिसतं. बोरू स्वतः कापायला शिका, दोन रविवार पुरतात.

आणि शब्द कमी करा. ‘मी आता या क्षणी इथून निघून जात आहे’ असं कोण बोलतं? ‘चाललो’ म्हणा. आवाजांसाठी तर मराठीत खजिना आहे: धप्प, खळ्ळ, चर्र, फुस्स, भळाभळा. इंग्रजी ‘बूम’ची उसनवारी कशाला? शब्दांशिवाय किती सांगता येतं ते पाहायचं तर शि. द. फडणीसांची मासिकांच्या मुखपृष्ठांवरची चित्रं समोर ठेवा.

१०. आधी शाई की आधी रंग?

जलरंग पारदर्शक असतो, त्याखालची काळी रेघ दिसत राहते. म्हणून शाई आधी, रात्रभर सुकू द्या, मग रंग. पोस्टर कलर झाकतो, रेघेवर गेला की रेघ दुधाळ होते. तिथे रंग आधी आणि शाई नंतर, किंवा रंगानंतर रेघ पुन्हा गिरवायची. मात्र पोस्टर कलरच्या जाड थरावर निब खरवडते, तिथे ब्रशच वापरा.

छापायचं असेल तर तिसरा मार्ग आहे, प्रश्न १७ बघा.

११. मोठा काळा भाग भरला की ढगाळ दिसतो, कुठे चमकतो, कुठे मॅट.

शाईचे थर वेगवेगळ्या वेळी सुकले. कडा टाकाने बांधून घ्या आणि आतला भाग मोठ्या ब्रशने, भरपूर शाईने, न थांबता भरा. सुकल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने. छपाईत हा फरक नाहीसा होतो, त्यामुळे फक्त फ्रेम करायच्या पानासाठी जीव टाकायचा.

खरा प्रश्न काळं कुठे ठेवायचं हा आहे. पान उलटं धरा, डोळे किलकिले करा. सगळे काळे भाग एकाच कोपऱ्यात गोळा झालेले दिसले तर शाईला हात लावण्याआधीच बदला.

१२. पावसाळ्यात काय वेगळं करावं लागतं?

जून ते सप्टेंबर मी निम्म्याच वेगाने काम करतो. दमट हवेत शाई वरून सुकलेली वाटते, पण आत ओली असते. दोन तासांची शाई मी दुसऱ्या दिवसापर्यंत सोडतो. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, म्हणून रंग देण्याआधी गोंदपट्टीने पाटावर ताणून लावा. मास्किंग टेप कागद धरून ठेवते, ताणत नाही.

रंगांच्या बाटल्यांत बुरशी येते, कारण त्यात डिंक असतो. बाटलीत लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका. झालेली पानं पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला राहणाऱ्यांनी पुड्या दर आठवड्याला तव्यावर गरम करून परत ठेवाव्यात.

१३. चूक झाली. व्हाइटनर लावू का?

व्हाइटनरवर शाई धरत नाही, मणी होऊन सरकते. पांढरा पोस्टर कलर दाटसर घ्या, दोन पातळ थर द्या, वर हलक्या हाताने शाई. तरी रेघ जरा पसरेलच. मोठी चूक असेल तर त्याच कागदाचा तुकडा कापा, त्यावर नीट काढा आणि डिंकाने चिकटवा. छापील पानात काही दिसत नाही. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं हेच चालायचं.

१४. शाई पातळ करताना फाटते, दुधासारखी.

पाणी बोअरचं आहे का? सांगली परिसरात बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार लाखेशी जुळून तिला पाण्यातून खाली बसवतात, म्हणून गुठळ्या. करड्या छटांसाठी शाई पातळ करायची असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. पातळ केलेली शाई मूळ बाटलीत परत ओतू नका, आणि तिचा वॉटरप्रूफपणा पुन्हा तुकड्यावर तपासा.

१५. सांगलीची हळद आहे घरात. तिनेच पिवळा रंग दिला तर?

द्या, पण टिकेल ही आशा ठेवू नका. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, नुसते कण तरंगतात. स्पिरिटमध्ये छान उतरतो. भिंतीवर टांगला की उजेडाने काही दिवसांत फिका पडतो. आणि क्षार लागला की लाल होतो, हळदीचं कुंकू त्यावरच होतं. लाखेच्या शाईतही क्षार असतो (प्रश्न ३), त्यामुळे ओल्या शाईशेजारी हळद आली की कडेला तांबूस झाक येऊ शकते. एका मुलीने साताऱ्यात हाच ‘दोष’ वापरून संध्याकाळचं आभाळ काढलं होतं. मी तिला पूर्ण मार्क दिले असते, पण शिबिरात मार्क नसतात.

१६. ए३ पान स्कॅन कसं करू? घरचा स्कॅनर ए४ आहे.

दोन भागांत, मधे चार-पाच सेंटिमीटर दोन्हींत येईल असं. नुसतं काळं-पांढरं असेल तर ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत असेल तर ३०० पुरे. पातळ स्वस्त स्कॅनर काचेपासून जरा वर उचललेला कागद धूसर पकडतात, म्हणून वर जाड पुस्तक ठेवा.

निळी पेन्सिल घालवायला पान रंगीत स्कॅन करा. स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर (चॅनल) असतात, त्यातलं फक्त निळं चॅनल ठेवा. फिका निळा तिथे पांढऱ्यासारखा दिसतो. लाल पेन्सिलीसाठी लाल चॅनल.

१७. रंगीत छापून आलं तेव्हा अक्षरं धूसर झाली होती. छापखान्याची चूक?

बहुधा नाही. रंग आणि काळी रेघ एकत्र स्कॅन केली की ते काळं छपाईच्या चारही रंगांत (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) विभागलं जातं आणि चार प्लेटांवर जातं. प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

उपाय: शाईचं पान वेगळं स्कॅन करा. त्याची फिकी निळी प्रत जलरंगाच्या कागदावर लेझर प्रिंटरने काढा (इंकजेटची शाई बहुधा पाण्यात पसरते) आणि रंग त्या प्रतीवर द्या. मग कॉम्प्युटरवर खाली रंग, वर मूळ काळी रेघ, फक्त काळ्या प्लेटवर. रंग देताना कागद थोडा वाढतो, त्यामुळे चारी कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या काढून ठेवा.

१८. ही सगळी परदेशी कला ना? आपल्या भागात पाहण्यासारखं काही आहे का?

चौकटी-फुग्यांचा साचा बाहेरून आला, चित्रांच्या मालिकेतून गोष्ट सांगणं नाही. चित्रकथी लोक सुट्या चित्रांची पोथी एकेक पान उलगडत गाऊन दाखवायचे. पैठणी शैलीची अशी पानं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत.

आपल्याकडचं म्हणाल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघा. औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, १९३८ सालचं. ते उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी रामायणावर चित्रमालिका काढून छापली. त्यांच्याच संस्थानाच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं, तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. संपादक शंकरराव किर्लोस्करही चित्रकलाच शिकलेले. त्या काळात रेखाचित्र छापायला जस्ताचा लाइन ब्लॉक, म्हणजे ठसा, करत. त्यात काळं किंवा पांढरं, मधलं करडं नाही, म्हणून छाया दाखवायला रेघांची जाळी किंवा ठिपके. जुन्या ग्रंथालयात त्या वर्षांचे अंक मिळाले तर भिंग घेऊन बसा. दोन तासांत माझ्या महिनाभराच्या शिकवण्याइतकं मिळेल.

१९. पुरात पानं भिजली. वाचतील का?

२०१९च्या ऑगस्टमध्ये माझी पेटी कॉटखाली होती. उंच ठेवायला हवी होती, कृष्णाकाठी राहून एवढी अक्कल नव्हती. वॉटरप्रूफ शाईची पानं वाचली, कडेला गाळाची तपकिरी रेघ घेऊन. पोस्टर कलरची पानं एकमेकांना चिकटून एकच वीट झाली.

पानं ओली असतानाच स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवून गाळ जाऊ द्या, घासू नका. हे फक्त शाईच्या पानांसाठी, रंगीत पान पाण्यात घालू नका. मग दोन पानांमध्ये कोरा कागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा. इस्त्री नको, ऊन नको. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळं उरकणार नसेल तर पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने एकेक काढा. वीज असेल तर. आमच्याकडे नव्हती, म्हणून शेजारच्यांच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून पानं टांगली होती.